रविवारचं मनगट

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्रेयी,

आशीर्वाद आहेतच, पण त्याआधी एक हुकूम. हे पुडकं उघडण्यापूर्वी टेबलावर जाड टॉवेल अंथर. आत घावन आहे.

किंचाळू नकोस, मानस घाबरेल. हो, तेच घावन. आपला शेजारी श्रीपाद भाचीच्या लग्नाला पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतोय. कुरिअरवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. श्रीपादलाही 'गुडघ्याचं औषध आहे' असंच सांगितलंय, नाहीतर तो आख्ख्या विमानाला उघडून दाखवेल.

आता आपला नियम. घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की सोबत त्याचा कागद जायचा, हाताने लिहिलेला. तुला पहिलं घड्याळ दिलं तेव्हा तू हसली होतीस, 'बाबा यार, व्हॉट्सअ‍ॅप करा ना' म्हणाली होतीस. अगं, केंद्र सरकारात जन्म गेला माझा. नोटिंगशिवाय फाइल हलत नाही. तर हे घे नोटिंग.

स्विस, ऑटोमॅटिक, मी शाळेत होतो त्या काळातलं. केस स्टीलची, काच बदललेली, डायल मात्र मूळची, कुणाचा ब्रश न लागलेली. ऑटोमॅटिक म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण आमच्या जावयाला, मानसला वाचून दाखव, त्याला अजून वाटतं आत सेल असतो. मनगट हललं की आतलं वजन फिरतं, त्यावर स्प्रिंग गुंडाळली जाते आणि घड्याळ चालतं. नुसतं पडून राहिलं की दीडेक दिवसात थांबतं. म्हणून घालत जा, कपाटात शोभेला ठेवू नकोस.

डायलची गोष्ट तुला पाठ आहे, तरी कागदावर यायला हवी. आपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची. चांदणी चौकातल्या त्या जिन्याखालच्या दुकानात मी भिंग लावून बसलो होतो. गुळगुळीत डायली मला कधी आवडल्याच नाहीत, हात फिरवावासा वाटेल अशी पाहिजे आणि हात तर लावायचा नाही, त्यातच सगळी गंमत. आई शेजारी कंटाळून उभी, तू तिच्या पोटात. माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "अहो, हे तर घावन आहे! काय सुरेख जाळी पडलीय." दुकानदार मला विचारतो, "बहनजी क्या बोल रही हैं?" तेव्हापासून घड्याळांच्या बारशाचं खातं तिच्याकडे गेलं. चटई तिची, खादी तिची, साबुदाणा तिचाच. बाकीचे लोक त्यांच्या घड्याळांचे नंबर सांगतात, आपल्याकडे फराळाची यादी.

का पाठवतोय म्हणशील. वय झालं, बाई. हातपाय चालताहेत तोवर एकेक मार्गी लावतो. दुसरं काही नाही.

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. कानाचं जरा तंत्र बिघडलंय, फोनवर नीट ऐकू येत नाही. दाखवीन कुणाला तरी.

आई मजेत आहे. मला ओळखत नाही अधूनमधून, ते तू गणपतीत पाहिलंसच. सकाळी पर्स घेऊन दारापाशी बसते, पहाडगंजच्या शाळेत जायला. एवढी वर्षं शिकवलं तिथे, ते कसं जाईल अंगातून? बस कधी येणार, विचारते. मी म्हणतो, बाई, आज दुसरा शनिवार. आमच्याकडे हल्ली रोज दुसरा शनिवार असतो.

तुम्ही पाठवलेलं त्या खराडीच्या सेंटरचं माहितीपत्रक मिळालं. फोटो झकास आहेत, बाग आहे, गाणी लावतात म्हणे. पण मी एकदाच लिहितो आणि पुन्हा हा विषय नको. तुझी आई या घरातून कुठेही जाणार नाही. मी आहे तोवर नाही. ज्या बाईनं माझा आणि तुझा जन्म निभावला तिला अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांत सोडून यायचं आणि वर 'तिला काय कळतंय' म्हणायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मानसला सांग, हेतू चांगला आहे हे मला बिल्कुल मान्य आहे. उत्तर मात्र नाही.

दर रविवारसारखा आजही मनगटावरच्या घड्याळाचा फोटो पाठवला. तुझं उत्तर वाचलं. 'बाबा, साबुदाणा!!! हल्ली तुम्ही एकाहून एक काढताय, फुल फॉर्मात!' वाचून मूठभर मांस चढलं. बाल्कनीत तिरक्या उजेडात मनगट धरून उभा होतो, समोरच्या ब्लॉकवाल्यांना वाटलं असेल म्हातारा सूर्याला अर्घ्य देतोय. सूर्य कुठला इथे, नुसता धूर. अशा हवेत तू येऊ नकोस, तुझा दमा उसळेल. थंडी सरू दे.

तुझा, कानाने अधू पण डोळ्याने शाबूत,
बाबा

*

द्वारका
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. मैत्रेयी,

टॉवेल अंथरलास? या खेपेला चटई आहे. श्रीपादची बायको वीणा माहेरी चाललीय, तिच्या पर्समध्ये पाठवतोय. वीणाला औषध वगैरे सांगायची सोय नाही, ती माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखते.

नोटिंग. स्विस, ऑटोमॅटिक, तारीख दाखवणारं. डायलवर चटईची उभी-आडवी वीण, धागा वर, धागा खाली, मोजून विणल्यासारखी. एका मेजरसाहेबांच्या बायकोनं त्यांच्यामागे विकायला काढलं होतं. मेजरसाहेबांनी ते रोज घातलं होतं, म्हणून चालत होतं. एक गोष्ट लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल. विणीची डायल कुणी रंगवली तर वीण बुजते, रंग खड्ड्यात बसतो. लांबून चकचकीत दिसते. तिरक्या उजेडात धरलं की चोरी पकडली जाते. तुला हे मी सांगायला नको, तू तर फोटोवरून ओळखतेस.

आता बातमी. बसून वाच. आईनं खादी धुतली.

झालं असं, मी खाली दूध आणायला गेलो होतो. घड्याळ डायनिंग टेबलावर राहिलं, चूक माझी. परत येतो तर बाईसाहेब सिंकपाशी, पदर खोचून, तारेची घासणी आणि भांड्यांचा साबण. मला म्हणते, "किती मळकं घालून येता शाळेत! नखं दाखवा." मी दाखवली. "बरी आहेत. जा वर्गात." गेलो. बेडरूममध्ये जाऊन बसलो.

काचेवर ओरखडेच ओरखडे आणि आत साबणाचं पाणी. दुसऱ्या दिवशी उघडलं तर त्या पांढऱ्या, सुती विणीवर चहा सांडल्यासारखा डाग. आता काही होणार नाही त्याचं. खोटं कशाला बोलू, रडलो मी. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. घड्याळासाठी रडलो की आणखी कशासाठी, ते विचारू नकोस.

म्हणून चटई तुझ्याकडे. आता कळलं असेल मी एकेक का पाठवतोय. वयाबियाचं सांगितलं ते अर्धं खरं होतं.

ती झारखंडची बाई होती ना, आईला सांभाळायला ठेवलेली, ती गावी गेली. घरात लग्न आहे म्हणे. एजन्सी दुसरी पाठवणार आहे, पाठवेल तेव्हा पाठवेल. तोवर मी आहेच. कुकर लावता येतो, पोळ्या खालून येतात, आईची वेणीसुद्धा घालतो. वेणी फार वाईट येत नाही.

तू श्रीपादला फोन करून माझी चौकशी केलीस. मला आवडलं नाही. मला काय विचारायचं ते मला विचार. मनगटावर ती काळीनिळी खूण कसली, हे त्याला काय माहीत? नवा पट्टा आहे, चामड्याचा रंग सुटलाय. हनुवटीला पट्टी आहे असं त्यानं सांगितलं असेल, तर दाढी करताना लागलं. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, यात बातमी काय? आणि मनगट बारीक वाटतंय म्हणालीस तर आधी डायल बघ. तुला कधीपासून मनगटात रस?

चिडून लिहिलं. तसंच राहू दे, खाडाखोड केली की कागद वाईट दिसतो.

हे बाल्कनीत बसून लिहितोय, दाराला बाहेरून कडी घालून. थंडी मरणाची आहे, पण आत लिहिता येत नाही. माझ्या हातात पेन दिसलं की आई अस्वस्थ होते. फोनवर बोललो तरी होते. कान माझे ठणठणीत आहेत, आता सांगून टाकतो. माझा आवाज फोनवर ऐकला की तिला वाटतं तिच्या घरात शिरून कुणीतरी परका माणूस तिच्याच फोनवरून बोलतोय. मग जरा गडबड होते. काही विशेष नाही. सगळ्यांच्याच घरी होतं असं.

खराडीचं पुन्हा काढू नकोस. मानसनं जागा धरून ठेवायला सांगितलीय असं कळलं, ती सोडायला सांग. मी कुणाच्या पाया पडलेलो नाही मदतीला. मैत्रेयी, रात्री झोपेत ती अजून माझा सदरा मुठीत धरते. दिवसा मी कुणी नसतो, पण झोपेत तिला मी पाहिजे असतो. हे मी तुमच्या सेंटरच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहू?

मराठी मंडळातल्या लोकांनी मकरसंक्रांतीला बोलावलंय, आईला घेऊन जाईन म्हणतो. बघू.

सांभाळून राहा. चटई वापर.

बाबा

*

द्वारका
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. मैत्रेयी,

या पाकिटात घड्याळ नाही. टॉवेल नको.

रविवारी फोटो आला नाही म्हणून तू दिवसभर फोन लावत राहिलीस. मी उचलला नाही. आवाज फुटला नसता. लिहिताना निदान थांबता येतं. श्रीपादच्या हातीही देत नाही, कुरिअरनंच पाठवतोय. उद्या-परवा पोचेल म्हणाले.

तुझ्या बापानं तुला चार महिने फसवलं. आता सरळ लिहितो.

आई मला मारते. गणपतीनंतर सुरू झालं. आधी चिमटे, मग ढकलणं. मग तिला तुझ्या जुन्या कंपासपेटीजवळची लाकडी फूटपट्टी सापडली. पहाडगंजच्या शाळेत तिनं कधी एका पोरावर हात उगारला नाही, तिची मुलं अजून भेटली की हेच सांगतात. हे कुठून आलं देव जाणे. सकाळी मी दिसलो की, "कोण तुम्ही? उशीर का झाला? हात पुढे करा." मी करायचो. विरोध केला की ओरडाआरडा, मग खाली सिक्युरिटीपर्यंत आवाज. पुढे केला की पाच-सहा पट्ट्यांत तिचं समाधान व्हायचं आणि मग तीच म्हणायची, "चला, चहा घेऊ." उजवा हात स्वयंपाकाला लागतो, म्हणून डावा द्यायचो. घड्याळ आधी काढून खिशात टाकायचो. पट्टी मी दोनदा फेकली. मग तिनं लाटणं घेतलं. पट्टी बरी, म्हणून पुन्हा आणून ठेवली. बघ, माणूस कुठवर जातो.

ती झारखंडची बाई लग्नाला गेली नाही. आईनं तिच्या दंडाचा लचका तोडला. हनुवटी माझी फुटली ती कपानं.

आता रविवारच्या मनगटाचं. आपल्या घड्याळवेड्या लोकांना फोटो दाखवला की ते काय बघतात? डायल. तू बोटांनी फोटो मोठा करतेस, आणि करत करत थेट डायलच्या आत जातेस. हात कुणाचा, कसा आहे, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. मीच शिकवलंय तुला तसं. म्हणून ज्या आठवड्यात मनगट जास्त वाईट, त्या रविवारी घड्याळ जास्त भारी काढायचो. साबुदाणा काढला त्या दिवशी मनगट सुजून टम्म झालं होतं, पट्टा शेवटच्या भोकात गेला. तू लिहिलंस फुल फॉर्मात. एकदोनदा तर आईच्या डब्यातली पावडर आणि ते क्रीम थापलं वरून. रंगवलेली डायल माझी लेक फोटोवरून ओळखते, रंगवलेलं मनगट तिला ओळखू आलं नाही. मी खूश झालो होतो गं. जिंकल्यासारखं वाटायचं. आणि आत कुठेतरी रागही यायचा की हिला दिसत कसं नाही. तुझा यात काडीचा दोष नाही. दिसू नये म्हणून तर सगळी खटपट होती.

हे सगळं वाचून तू म्हणशील, बाबा, पुरे, आईला घेऊन येते. थांब. एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. मार मी अजून पाच वर्षं खाल्ला असता. खरंच सांगतो. त्याची मला सवय झाली होती, आणि कुठेतरी अभिमानही होता, की बघा, बळवंत बायकोला टाकत नाही.

शुक्रवारी सकाळी आंघोळीची वेळ. बरेच दिवस ती अंगाला पाणी लागू देत नव्हती, वास यायला लागला होता. मी गोडीनं नेत होतो. माझ्या मनगटावर साबुदाणा होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमाला घालून गेलो होतो, एकटाच, आणि त्या सकाळीही तेच घातलं होतं. बाथरूमच्या दारात तिनं ते मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि चावली. घड्याळाच्या वर, जुन्या सुजेवरच. आणि मी मारलं.

झटकताना लागलं, असं म्हणता येईल. श्रीपादला मी तेच सांगितलंय. पण तुला सांगतो, मारलं. हात सोडवून घेतला, मग मागे नेला आणि उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारला. मधे एक क्षण होता. त्या क्षणात मला कळत होतं मी काय करणार आहे.

घड्याळाची कड तिच्या भुवईला लागली. ती भिंतीला टेकून खाली बसली. आणि मैत्रेयी, मी आधी घड्याळ बघितलं.

तिच्याकडे बघायच्या आधी. काच तडकली का, डायल हलली का. एवढंच नाही, दोन पावलं टाकून खिडकीशी गेलो आणि तिरक्या उजेडात धरलं. ओरखडा नव्हता. जिवात जीव आला. मग मागे वळलो तर तिच्या भुवईतून रक्त गालावर आलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं भिंग लावून बसलो त्याचं हे फळ. मला माझी शिसारी आली. अजून येतेय. हे लिहितानाही वाटतंय की हा माणूस मी नव्हे, पण मीच तो.

सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे नेलं, टाके घातले. "पडल्या का?" म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. या वयाची माणसं पडतातच.

अजून एक सांगायचं राहिलंय आणि तेच खरं सांगायचं आहे. बाकीचं मी कुणाला तरी, कधीतरी सांगितलंही असतं.

त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी वागतेय. पट्टीला हात लावला नाही. बस कधी येणार विचारलं नाही. दिलं ते खाते. शनिवारी सकाळी मी आंघोळीचं नाव काढलं, ती पाय ओढायला लागली, आणि मी हात वर केला. मारला नाही. नुसता वर केला, इतका. ती निमूटपणे आत गेली. अंग चोळलं, केस धुतले, कपडे बदलले, हूं नाही की चूं नाही. कितीतरी दिवसांनी ती स्वच्छ होऊन उन्हात बसली, आणि मी शांतपणे चहा प्यायलो. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, मैत्रेयी. मनात आलं, अरे, हे इतकं सोपं होतं होय? आपण उगाच एवढे दिवस हाल काढले!

तो चहा संपायच्या आत मला कळलं की आता ती माझ्याजवळ राहायला नको. चावली, मारलं, हे एकदाचं. पण हा उपाय मला सापडलाय आणि तो लागू पडतोय. उद्या जेवायला खळखळ केली की मी हात वर करीन. परवा वर करून भागणार नाही. मी स्वतःला ओळखतो. मी संतमहात्मा नाही, थकलेला माणूस आहे, दार लावलं की इथे बघणारं कुणी नाही आणि ती कुणाला सांगू शकत नाही. रात्री सदरा धरायची, तीही आता भिंतीकडे तोंड करून, अंग आखडून झोपते. ओळखायची नाही म्हणून मी झुरत होतो. आता ओळखते. मी दारात आलो की ओळखते.

वीणाला मी खरं सांगितलं. तिनं आईच्या दोन साड्या, गाऊन घेतले आणि तिला आपल्याकडे नेलं. कालपासून ती तिकडे आहे. मी जेवणाचा डबा दारातून देतो, आत जात नाही. श्रीपादला वाटतंय मला आराम मिळावा म्हणून ही सोय. उरलेली घड्याळं पण त्याच्याच कपाटात ठेवलीत. तुला हवी तर घे, नाहीतर विकून टाक. माझ्यासमोर त्यांचा विषय काढू नकोस. मनगट मोकळंच आहे.

खराडीच्या सेंटरला फोन कर. जागा गेली असेल तर दुसरं बघ, पण लवकर. मी म्हणालो होतो ती इथून कुठेही जाणार नाही. ते शब्द मी परत घेतो. तुम्ही तिला माझ्यापासून तोडताय असं मनात आणू नकोस. मी मागतोय. तिला माझ्यापासून दूर न्या. मला भेटायला येऊ द्यायचं की नाही, ते तिथल्या लोकांना विचारून तू ठरव. मी वाद घालणार नाही.

दमा असला तरी ये. मास्क लाव. विमानतळावरून इकडे माझ्याकडे येऊ नकोस, सरळ वीणाकडे जा. एकदम मिठी मारू नकोस आईला. आधी लांब बस, तुझं नाव सांग, तिला बोलायचं तर बोलू दे. आणि तिच्यासमोर असताना हात खालीच ठेव, केस सारखे करायलासुद्धा वर नेऊ नकोस. हात वर गेलेला दिसला की ती डोकं झाकून घेते.

बाबा